गाणं १९५३चं, पण वाजलं कुठून?

जुन्या काळात घडणारा चित्रपट किंवा मालिका आली की दोन-तीन दिवसांत कुणीतरी त्यातल्या गाण्याचं साल शोधून काढतं. कथा १९५३ची आणि घरात लागलेलं गाणं १९५५चं, म्हणजे अभ्यास कच्चा, असा निकाल लागतो. असे निकाल पूर्वी लागत नसत, कारण साल तपासायचं कुठे हाच प्रश्न होता. १९८०पासून हिंदी चित्रपटगीतांचे दशकवार कोश छापून येऊ लागले आणि चित्रपट, गायक, साल हा तपशील एका जागी मिळू लागला. नंतर तोच तपशील फोनवर आला. साल बघणं सोपं झालं, म्हणून सालच मोजपट्टी झाली.

ही मोजपट्टी अपुरी आहे. गाणं त्या साली जन्माला आलं होतं का, यापेक्षा ते त्या घरात कुठल्या वाटेने पोचलं असतं हा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि चुका तिथेच होतात. पडद्यावरच्या पात्राला ऐकू न येणारं, फक्त प्रेक्षकासाठी असलेलं पार्श्वसंगीत या हिशोबातून वगळायला हवं. सतराव्या शतकातल्या लढाईमागे व्हायोलिनचा ताफा वाजला म्हणून कुणी तक्रार करत नाही. मग विसाव्या शतकातल्या कथेत सिंथेसायझर वाजला तर ती का करावी?

शिवकाळ आणि पेशवाई यांच्याबाबत साल जुळवण्याचा प्रश्न थोडक्यात मिटतो. त्या काळचा आवाज कुठेच नोंदलेला नाही, चाली अंदाजाच्या. तपासायची ती वाद्यं. तबला अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दिल्लीकडे आकाराला आला, म्हणून महाराजांच्या दरबारात पखवाज हवा. हार्मोनियमचं पेटंट १८४२चं, पॅरिसमधलं. मांडीजवळ घेऊन हाताने भाता हलवायची पेटी कोलकात्यात झाली ती त्यानंतर तीसेक वर्षांनी. त्यामुळे सवाई माधवरावांच्या काळातल्या कीर्तनात बुवांमागे पेटी दिसली की चूक पक्की. पोवाड्याला डफ आणि तुणतुणं पुरतं.

खरी गुंतागुंत ध्वनिमुद्रण आल्यावर सुरू होते. भारतात पहिल्या तबकड्या १९०२ साली कोलकात्यात मुद्रित झाल्या, पहिला हिंदी बोलपट १९३१चा, पहिला मराठी १९३२चा. पार्श्वगायन १९३५मध्ये आलं. तोवर नट कॅमेऱ्यासमोर स्वतः गात आणि साजिंदे चौकटीबाहेर, कधी झाडाआड बसून वाजवत. १९३३च्या स्टुडिओचा प्रसंग उभा करताना नायिका आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवताना दाखवली, तर गाण्याचं साल अचूक असूनही प्रसंग खोटा पडतो.

आता १९५२. पन्नासच्या दशकातल्या कथांमध्ये सगळ्यात जास्त घोटाळा या वर्षीच्या एका निर्णयाने होतो आणि नेमका तोच बहुतेकांना माहीत नसतो. त्या वर्षी केंद्रात नवे माहिती व नभोवाणी मंत्री आले. मराठी, शास्त्रीय संगीत शिकलेले, चित्रपटगीतांबद्दल मनात अढी असलेले. आकाशवाणीवर चित्रपटसंगीताला एकूण वेळेच्या दहा टक्क्यांची मर्यादा घालायची, गाणी आधी चाळून घ्यायची, आणि चित्रपटाचं नाव उच्चारणं ही जाहिरात होते म्हणून फक्त गायकाचं नाव सांगायचं, असं ठरलं. निर्मात्यांना ते मानवलं नाही. त्यांनी प्रसारणाची परवानगीच काढून घेतली आणि काही महिन्यांत आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीतं जवळजवळ नाहीशी झाली. सरकारने गाण्यांवर बंदी घातली असं आजही सर्रास लिहिलं जातं. कागदोपत्री बंदी नव्हती, दोन बाजूंच्या ताणाताणीत गाणी गेली. पण श्रोत्याच्या दृष्टीने फरक शून्य, आणि दोष मंत्रालयाकडे जास्त जातो हे मान्य करायला हवं. नाव गाळायची अट घातली नसती तर निर्माते इतके बिथरले नसते.

पोकळी भरायला आकाशवाणीने स्वतःची सुगम संगीताची गाणी करून घेतली. लोक मात्र रेडिओ सिलोनकडे, म्हणजे श्रीलंकेच्या केंद्राकडे वळले. तिथली हिंदी गाण्यांची साप्ताहिक ‘बिनाका गीतमाला’ ३ डिसेंबर १९५२ला सुरू झाली. बुधवार, रात्री आठ. सुरुवातीला फक्त सात गाणी आणि क्रमवारी नाही. क्रमांकांच्या पायऱ्यांची चढाओढ नंतरची. पोर्तुगीज अमलातल्या गोव्याच्या केंद्रावरूनही हिंदी गाणी ऐकू येत. विविध भारती आली ३ ऑक्टोबर १९५७ला, तीही मुंबई आणि मद्रासच्या लघुलहरी (शॉर्टवेव्ह) प्रक्षेपकांवरून. म्हणजे फक्त मध्यमलहरी (मीडियमवेव्ह) पकडणाऱ्या स्वस्त सेटवर ती लागत नसे.

म्हणून १९५४च्या पुण्यातला दिवाणखाना, सकाळची वेळ, ‘ये ऑल इंडिया रेडिओ है’ आणि लगेच त्याच वर्षाचं गाजलेलं हिंदी गाणं: साल बिनचूक, प्रसंग चुकीचा. तेच गाणं बुधवारी रात्री लघुलहरींवर लागलेलं दाखवा, चालेल. मग आवाजही तसा हवा. लघुलहरींवरचं गाणं सरळ रेषेत ऐकू येत नाही. काही सेकंदांच्या अंतराने ते फुगतं, बसतं, कधी शेजारचं केंद्र मध्ये घुसतं. सेट व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीचा काचेच्या नळ्यांचा असेल तर बटण फिरवल्यावर आधी दिवा लागतो, आवाज यायला वीस-तीस सेकंद जातात. चित्रपटात बटण फिरताक्षणी मुखडा सुरू होतो. संकलकाला तो अर्धा मिनिट परवडत नाही हे खरं, पण सेट आधीपासून चालू दाखवायला काही खर्च येत नाही. आणि हातात ट्रान्झिस्टर नको. जगातला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ विक्रीला आला तोच १९५४च्या अखेरीस, अमेरिकेत; आपल्याकडे तो हातोहाती दिसू लागला साठच्या दशकात.

दुसरा निर्णय याहून जुना आणि आणखी कमी ठाऊक असलेला. १ मार्च १९४०पासून रेडिओवर हार्मोनियम बंद झाली. ठरावीक बारा स्वर, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, श्रुती (स्वरांमधले सूक्ष्म फरक) नाहीत, हे कारण. बंदी सैल झाली १९७१च्या सुमारास, तीही वरच्या श्रेणीच्या कलाकारांना साथीपुरती. या तीस वर्षांतल्या नभोवाणी स्टुडिओचा प्रसंग असेल तर गायकाशेजारी सारंगी किंवा व्हायोलिन आणि तानपुरा हवा. स्टुडिओच्या दाराबाहेर मात्र पेटीचंच राज्य होतं. नाट्यसंगीत, मैफल, भजन, शिकवणी, सगळीकडे ती होती. त्यामुळे एकाच गायकाचा घरी रियाझ पेटीवर आणि रेडिओवर कार्यक्रम पेटीविना असं दाखवणं हे त्या काळाशी सगळ्यात इमानदार ठरेल.

गीतरामायण हे याचं उत्तम उदाहरण. पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ला. गीतरामायणाचं पहिलं प्रसारण १ एप्रिल १९५५, रामनवमी, शुक्रवार. दर आठवड्याला एक गाणं आणि शेवटचं पुढच्या रामनवमीला, १९ एप्रिल १९५६ला. त्या वर्षी अधिक मास आल्याने संख्या छप्पन्नवर गेली. १९५५च्या कथेत एखाद्या वाड्यात रेडिओवर गीतरामायण लागणं सालाच्या दृष्टीने चोख. पण निर्मितीवाले जी ध्वनिफीत आणून वापरतात ती बहुधा संगीतकारांनी सगळी गाणी स्वतः गायलेली, नंतरची. मूळ प्रसारणात वेगवेगळ्या पात्रांना वेगवेगळे गायक-गायिका होते. बायकांच्या तोंडची गीतं बायकांच्या आवाजात होती. शिवाय रंगमंचावर पेटी घेऊन बसलेले संगीतकार हे जे चित्र आपल्या डोळ्यांसमोर आहे ते जाहीर कार्यक्रमांचं, केंद्राच्या स्टुडिओतलं नव्हे. आणि गाण्यांचा क्रमही पाळायला हवा. जून १९५५मध्ये रावणवध ऐकू येणार नाही.

तबकडीची वाट रेडिओपेक्षा सोपी वाटते, तिथेही पाय घसरतो. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावतात. चित्रपटातलं सहा मिनिटांचं गाणं तबकडीवर एकतर कापलेलं असे किंवा दोन बाजूंवर वाटलेलं. पडद्यावर चावीचा ग्रामोफोन आणि कानावर अखंड सहा मिनिटं, म्हणजे मधे कुणी उठून तबकडी उलटवायला हवी होती. पोलादी सुई तर दर बाजूला बदलायची असते. आवाज कमी करायला बटण नसतं. बारीक सुई लावायची किंवा ग्रामोफोनच्या खोक्याची दारं लोटायची.

मग खरखर. ध्वनिआरेखनाच्या (साउंड डिझाइनच्या) संग्रहातली तयार खरखर बहुतेकदा एलपीची असते, टिकटिक करणारी, सुटी सुटी. लाखेच्या, म्हणजे ७८च्या तबकडीचा आवाज सलग, तेलात काही तळत असल्यासारखा. ओरखड्याचा ठोका ७८च्या वेगाला सेकंदाच्या पाऊण भागाने परत येतो, एलपीवर जवळजवळ पावणेदोन सेकंदांनी. १९४०च्या ग्रामोफोनवर पावणेदोन सेकंदांचा ठोका ऐकू आला की समजायचं, आवाज दुसऱ्या यंत्राचा आहे. वेगाचीही गंमत असते. सुरुवातीच्या काळातल्या कित्येक तबकड्या ७४ किंवा ७६ फेऱ्यांनी मुद्रित झाल्या. त्या ७८ने वाजवून डिजिटल केल्या की ७४वाली जवळजवळ एक पट्टी वर चढते, पांढरी एकचं गाणं काळी एकात ऐकू येतं आणि गायकाचा गळा पातळ होतो. जुन्या गायकांचे आवाज बायकी होते, हा समज निम्मा इथूनच आला असावा.

गाणं नव्याने गाऊन घ्यायचं ठरलं तर वेगळ्या चुका होतात. पन्नासच्या दशकात एक-दोन माइकवर सगळे एकदम वाजवत; कोण पुढे आणि कोण मागे बसतो यावर आवाजाचा तोल ठरे. आज प्रत्येक वाद्य वेगळं, क्लिकवर (लय धरायला कानात वाजणाऱ्या ठोक्यावर), घुमारा वाढवलेला डग्गा आणि दोन्ही कानांत पसरलेली व्हायोलिनं. यावर नुसता फिल्टर लावून जुनेपण येत नाही. कामाची रीत अशी: सगळे एकत्र बसवून, क्लिक न लावता, एकाच माइकवर मोनो मुद्रण करायचं, ते चालू स्थितीतल्या जुन्या सेटमधून त्याच आकाराच्या खोलीत वाजवायचं आणि पात्र जिथे बसलंय तिथे माइक ठेवून पुन्हा मुद्रित करायचं. सेट मिळाला नाही तर फिल्टर. रेडिओसाठी साधारण १५० ते ४५०० हर्ट्‌झ आणि भोंग्याच्या ग्रामोफोनसाठी २५० ते अडीच-तीन हजार. खरखर त्यानंतर नव्हे, फिल्टरच्या आधी मिसळायची. नाहीतर गाणं जुन्या भोंग्यातून आणि खरखर नव्या स्पीकरमधून आल्यासारखी वाटते.

इतकं करूनही साल चुकतं, तेव्हा कारण अभ्यासाचं नसून कराराचं असण्याचा संभव जास्त. आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. म्हणजे १९५५ची तबकडी २०१५च्या अखेरीस मोकळी झाली. पण शब्द आणि चाल यांचा हक्क कवी-संगीतकारांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. गीतरामायणाचे कवी १९७७ साली गेले, संगीतकार २००२ साली. शब्द २०३७च्या अखेरपर्यंत आणि चाली २०६२च्या अखेरपर्यंत बांधलेल्या. पुन्हा गाऊन घेतलं तरी हा दुसरा पैसा चुकत नाही. परवानगी मागताना संवादातला नेमका प्रसंग, किती सेकंद आणि कुठे प्रदर्शित होणार हे कळवावं लागतं; उत्तर येईपर्यंत चित्रीकरण उरकलेलं असतं. मग संकलनाच्या टेबलावर १९५३च्या गाण्याच्या जागी, ज्या कंपनीशी आधीच करार झालाय तिच्या यादीतलं १९५६चं गाणं बसतं, आणि नटाचे ओठ मूळ गाण्यावर गुणगुणलेले असतील तर तेवढा शॉट पाठमोरा निवडला जातो.