निबंधाच्या गदारोळात राहून गेलेली अट

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी सतरा वर्षांचा मुलगा दारू पिऊन चालवत होता, असा आरोप आहे. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला आणि लोक खवळले. ते रास्तच होतं. पण त्याच आदेशात दारू सोडवण्यासाठी डॉक्टरांकडून उपचार घेण्याचीही अट होती. निबंधाबरोबर तीही हास्यास्पद ठरली, आणि ‘उपचार’ म्हणजे ‘सुटका’ असं समीकरण अनेकांच्या डोक्यात बसलं. गुन्हेगाराला उपचार घ्यायला लावण्याच्या कल्पनेचा इतिहास पाहिला तर ते समीकरण टिकत नाही.

तो इतिहास बराचसा अमेरिकेतला आहे. टेक्सासमधल्या ऑस्टिनला लिरॉय पॉवेल नावाचा माणूस बूटपॉलिश करून आठवड्याला बाराएक डॉलर कमवायचा आणि ते दारूत घालवायचा. रस्त्यात झिंगलेला सापडल्याबद्दल त्याला सुमारे शंभर वेळा शिक्षा झाली होती. १९६६ मध्ये तो पुन्हा पकडला गेला. हा माणूस आजारी आहे, त्याला शिक्षा कसली करता, असा त्याच्या वकिलाचा सवाल होता. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी पन्नास डॉलरचा दंड कायम राहिला. मात्र निकालपत्रात न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी एक कबुली दिली: एवढ्या व्यसनी माणसांवर उपचार करायला देशात पुरेशी सोयच नाही.

म्हणजे आजाराची ढाल कोर्टात चालली नाही. पिऊन स्टिअरिंग हातात घेणाऱ्याला तर ती मिळणं शक्यच नव्हतं. १९८० मध्ये कॅलिफोर्नियात तेरा वर्षांची कॅरी लाइटनर एका मद्यपी चालकाने उडवली. तो आधीही याच गुन्ह्यात पकडला गेलेला होता. कॅरीच्या आईने, कँडी लाइटनर यांनी, मद्यपी चालकांविरुद्ध मातांची संघटना उभी केली आणि राज्याराज्यांत कायदे कडक झाले. त्या आईचा राग मला आजही पूर्ण पटतो. पण तुरुंगातून बाहेर आलेले काही जण पुन्हा पिऊन गाडी चालवताना सापडतच राहिले. कोठडीत दारू मिळत नव्हती, एवढंच. व्यसन होतं तसंच होतं.

१९८९ मध्ये मायामीत अमली पदार्थांच्या व्यसनींसाठी वेगळं न्यायालय सुरू झालं. त्याच धर्तीवर १९९५ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या डोन्या आना काउंटीत मद्यपी चालकांसाठी न्यायालय उभं राहिलं. इथे प्रामुख्याने वारंवार पकडले जाणारे येतात. गुन्हा माफ होत नाही. वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ न्यायाधीशांसमोर हजेरी, समुपदेशन, केव्हाही होणारी तपासणी, आणि नियम मोडला तर काही दिवस थेट गजाआड. साउथ डकोटात २००५ पासून याहून साधा मार्ग अवलंबला गेला: सकाळ-संध्याकाळ पोलिसांसमोर नळीत फुंकर मारायची, दारू सापडली तर लगेच कोठडी. मला यातलं ‘लगेच’ सर्वांत महत्त्वाचं वाटतं. सहा महिन्यांनी लागणाऱ्या निकालाची भीती संध्याकाळी सहा वाजता ग्लास समोर असताना कुणाला आठवते?

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं की पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. या रकमा २०१९ च्या दुरुस्तीतल्या. लग्नात एकदा प्यायलेला आणि रोज सकाळी हात थरथरतात म्हणून पिणारा, दोघांना हेच कलम. गर्द ओढणाऱ्यासाठी मात्र अमली पदार्थांच्या कायद्यात सोय आहे: कलम ३९ नुसार, ठरावीक गुन्ह्यांत, न्यायालय व्यसनी दोषीला त्याच्या संमतीने उपचारासाठी सोडू शकतं. दारूड्याच्या बाबतीत फार तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा, म्हणजे दोषीला तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याच्या कायद्याचा, आधार घेता येईल. त्याच्या चौथ्या कलमात बंधपत्रात नशेपासून दूर राहण्याची अट घालायची मुभा आहे.

उपचारांची जागा आपल्याला नवी नाही. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून पुण्यात व्यसनी माणसांना भरती करून घेतं, तेही कल्याणीनगरशेजारच्या येरवड्यात. माणूस तिथे येतो तो बहुतेकदा बायकोच्या, आईच्या किंवा साहेबाच्या रेट्याने. त्याला तिथे पाठवण्याची तरतूद कलम १८५ मध्ये नाही.