मज्जारज्जूची दुखापत: वॉर्डातून वस्तीपर्यंत

मानेचा मणका निखळला, मेंदूचे संदेश शरीरभर पोहोचवणाऱ्या मज्जारज्जूला इजा झाली आणि हातपाय लुळे पडले, अशा रुग्णाबद्दल इजिप्तमधल्या एका प्राचीन पपायरस हस्तलिखितात निर्वाळा आहे: यावर उपचार करू नयेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत परिस्थिती फार सुधारली नव्हती. असे रुग्ण दगावत ते बहुधा पाठीवर चिघळलेल्या जखमांनी आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने.

1944 मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडेविल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांचा वॉर्ड हाती घेतला. नाझी जर्मनीतून निसटून आलेले हे ज्यू न्यूरोसर्जन. दिवस असो वा रात्र, दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायचीच, हा त्यांचा नियम. पुढे त्यांनी सुरू केलेल्या खेळांच्या आणि पदकांच्या कौतुकात तो मागे पडतो. मला तोच सर्वांत मोठा वाटतो. पाठ शाबूत राहिली, म्हणून पुढचं सगळं घडलं. मग वॉर्डात हाताला काम आलं, खेळ आले. 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, तिथल्या हिरवळीवर 16 जणांनी चाकाच्या खुर्चीतून तिरंदाजी केली. पॅरालिंपिकचा, म्हणजे अपंग खेळाडूंच्या ऑलिंपिकचा, उगम तो.

भारतातही हे फार दूर राहिलं नाही. वेल्लोरच्या डॉ. मेरी व्हर्गीस 1954 च्या मोटार अपघातात पाय लुळे पडल्यावरही चाकाच्या खुर्चीत बसूनच कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करत. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. 1972 मध्ये जर्मनीतल्या हायडलबर्गला 50 मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पॅरालिंपिकचं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. पद्मश्री मिळायला 2018 उजाडलं. पुण्यात खडकीला जायबंदी जवानांसाठी पॅराप्लेजिक (कमरेखाली लुळेपणा आलेल्यांचं) पुनर्वसन केंद्र 1974 मध्ये उभं राहिलं.

सैनिकाला निदान केंद्र तरी होतं. झाडावरून वा बांधकामावरून पडलेला माणूस घरी परततो, आणि उंबऱ्यापाशी, जिन्यापाशी, एसटीच्या पायरीपाशी अडतो. ही अडचण त्याच्या शरीरापुरती नसून भोवतालचीही आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या अपंगत्व आणि आरोग्याच्या 2001 च्या वर्गीकरणाने मान्य केलं. 'सहभाग' हा शब्द तिथे स्वतंत्र निकष म्हणून आला. समाजात राहण्याचा हक्क अपंगांच्या हक्कांबाबतच्या 2006 च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात लिहिला गेला, 2016 मध्ये आपल्याकडे अपंगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला. मात्र सुगम्यतेचे, म्हणजे इमारती आणि वाहनं अपंगांना वापरता येण्याचे, निकष त्या कायद्याखालच्या एका नियमात केवळ शिफारशींसारखे उरले होते. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे निकष तीन महिन्यांत आखायला केंद्राला बजावलं.