रिमांड होमऐवजी मुलाला घरी, नातेवाइकाकडे किंवा निवारागृहात कसं ठेवता येतं? पात्रता, प्रक्रिया आणि कागदपत्रं

अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलिसांनी ताब्यात घेतलं की घरच्यांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो रिमांड होम. आता पोरगं सहा महिने आत, असं धरूनच सगळे चालतात. बाल न्याय अधिनियम, २०१५ नेमकं उलट सांगतो: मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. पण बाल न्याय मंडळापुढे (अशा मुलांची प्रकरणं कोर्टाऐवजी इथेच चालतात) मुलाचं म्हणून कुणी उभंच राहिलं नाही, वयाचा कागद नाही, राहणार कुठे याचं उत्तर नाही, तर मंडळ तरी काय करणार? म्हणून काय मागायचं आणि सोबत काय न्यायचं, हे आधीच माहीत हवं.

(रिमांड होमचं अधिकृत नाव आता निरीक्षणगृह. मुंबईत उमरखाडीचं निरीक्षणगृह जुन्या डोंगरी तुरुंगाच्या जागी आहे, टिळक-आगरकरांनी १८८२ मध्ये १०१ दिवस काढले तिथेच. लोकांच्या मनातला तुरुंग सहजासहजी पुसला जात नाही, यात नवल नाही.)

पहिले २४ तास

मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, एका रात्रीपुरतंही नाही. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे हजर करावं लागतं. मंडळाची बैठक नसेल, रविवार असेल, तर एका सदस्यापुढेही हजर करता येतं. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी किमान एक महिला.

गुन्हा अतिगंभीर (किमान सात वर्षं शिक्षेचा) नसेल आणि सोबत प्रौढ आरोपी नसतील, तर नियमांनुसार एफआयआरऐवजी स्टेशन डायरीत नोंद होते आणि मुलाच्या पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे जातो. अशा वेळी मुलाला ताब्यात ठेवायची गरजच नसते. ठाण्यातल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याला भेटा आणि हे शांतपणे विचारा. दारातल्या हवालदाराशी वाद घालून काही निघत नाही.

कोणते पर्याय मागता येतात

पहिला पर्याय जामिनाचा, कलम १२. गुन्हा जामीनपात्र असो वा अजामीनपात्र, मुलाला सोडायचं हाच नियम. जामीनदार घेऊन किंवा न घेताही. नाकारायचं तर तीनच कारणं चालतात: सुटल्यावर मूल सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला शारीरिक, मानसिक वा नैतिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल. कारण लेखी नोंदवावं लागतं. घर गरीब आहे, हे त्यात बसत नाही. आदेश मिळूनही अटी पूर्ण झाल्या नाहीत, समजा जामीनदारच मिळाला नाही, आणि सात दिवस उलटले, तर मुलाला परत मंडळापुढे आणून अटी बदलून घेता येतात. ही तरतूद फार कमी लोक वापरतात.

दुसरा पर्याय ‘योग्य व्यक्ती’चा. आई-वडील नाहीत, किंवा घरातच मारहाण, दारू असा प्रकार आहे, तेव्हा मामा, आत्या, एखादे शिक्षक यांना मंडळ योग्य व्यक्ती म्हणून मान्यता देऊन ठरावीक काळासाठी मूल सोपवू शकतं. बीडकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे टोळीबरोबर कारखान्यावर जातात. नेमकी तेव्हाच तारीख लागली तर आईबाप येणार कुठून? अशा वेळी गावात राहिलेल्या आजोबांनी किंवा चुलत्यांनी स्वतः हजर राहून अर्ज द्यावा. निरोप पाठवून हे काम होत नाही.

तिसरा पर्याय ‘योग्य सुविधा’, म्हणजे तात्पुरती जबाबदारी घ्यायला मंडळाने किंवा बालकल्याण समितीने (निराधार, संरक्षणाची गरज असलेल्या मुलांचे निर्णय घेणारी समिती) मान्यता दिलेली सरकारी किंवा स्वयंसेवी संस्था. जिल्ह्यात अशा संस्था कोणत्या, हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारावं.

खुलं निवारागृह कुणासाठी

इथे गल्लत होते. खुलं निवारागृह (कलम ४३) गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी नाही. फलाटावर राहणारी, घरातून निघून आलेली, भीक मागणारी किंवा कामाला जुंपलेली मुलं थोड्या काळासाठी सुरक्षित राहावीत, म्हणून ते आहे. ही मुलं बालकल्याण समितीच्या कक्षेत येतात. त्यांना समितीपुढे पोलीस, संस्था, कुठलाही नागरिक नेऊ शकतो, मूल स्वतःही जाऊ शकतं. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन केला तरी चालतो. खरं तर मूल पोलिसांच्या नजरेत येण्याआधी करायचं काम हेच.

मात्र आरोप असलेलं मूल निराधारही असेल, तर मंडळ त्याचा विषय समितीकडे पाठवू शकतं. एकाच वेळी दोन्ही असू शकतं, हे कायद्याने मान्य केलंय. मंडळापुढच्या अर्जात ही मागणी स्पष्ट शब्दांत लिहा.

कागदपत्रं

सगळ्यात जास्त अडतं वयाच्या पुराव्यावर. क्रम कायद्याने ठरवून दिलाय: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. आधार कार्ड या यादीत नाही. कित्येक आधार कार्डांवर जन्मतारीख १ जानेवारी असते, कारण नोंदणीच्या वेळी कुणीतरी अंदाजाने वय सांगितलेलं असतं. म्हणून मुलाने शाळा मध्येच सोडली असली तरी पहिल्या शाळेत जा, शाळा सोडल्याचा दाखला आणि जनरल रजिस्टरचा उतारा घ्या. मुख्याध्यापकांचा सही-शिक्का आहे का, तो तिथेच बघून घ्या.

बाकी सोबत ठेवायचं ते असं: पालकांचं किंवा योग्य व्यक्ती म्हणून येणाऱ्याचं ओळखपत्र, रेशनकार्ड किंवा वीजबिल, मुलाशी नातं दाखवणारा कागद, दोघांचे फोटो, आणि ‘मुलाला तारखेला हजर ठेवीन, शाळेत किंवा प्रशिक्षणाला पाठवीन’ असं हमीपत्र. नातेवाइकाची चारित्र्य पडताळणी मागितली जाऊ शकते. मूल आजारी असेल, औषधं चालू असतील, तर ती चिठ्ठी विसरू नका.

वकिलासाठी कर्ज काढू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलाला वकील मोफत मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

अर्जानंतर

परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) घरी येऊन सामाजिक तपासणी अहवाल तयार करतात. त्यासाठी मुदत दोन आठवड्यांची. मंडळ या अहवालावर बरंच विसंबून असतं, तेव्हा त्यांच्यापासून काही लपवू नका. बापाची दारू शेजारी सांगणारच आहेत. त्यापेक्षा ‘म्हणूनच पोराला मामाकडे ठेवायचंय’ हे आपणच सांगितलेलं बरं.

चौकशी चार महिन्यांत संपवायची असते, फार तर आणखी दोन महिने. किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यातही ती पुरी झाली नाही, तर प्रकरण बंद होतं. दोष सिद्ध झाला तरी समज देऊन घरी पाठवणं, समुपदेशन, समाजसेवा, पालकांच्या किंवा योग्य व्यक्तीच्या देखरेखीखाली राहणं असे आदेश मिळू शकतात. सोळा ते अठरा वयातलं मूल आणि किमान सात वर्षं शिक्षेचा अतिगंभीर गुन्हा असेल तर मात्र प्रक्रिया वेगळी, तिथे वकिलाशिवाय पाऊल टाकू नका.

मुलाचं नाव, फोटो, शाळा जाहीर करणं गुन्हा आहे (कलम ७४). गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो फिरत असेल तर स्क्रीनशॉट घेऊन तक्रार द्या. पुढे पोलीस भरतीच्या वेळी हे बाहेर निघेल का, असं पालक हमखास विचारतात. प्रकरण निकाली निघालं असेल, तर चारित्र्य प्रमाणपत्रासाठी त्याची नोंद उघड करायला याच कलमाने पोलिसांना मनाई आहे.