रुग्णनिरीक्षणापासून शुश्रूषेच्या निरीक्षणापर्यंत

काय पाहावे आणि कसे पाहावे, हे परिचारिकेला मुद्दाम शिकवावे लागते, असा आग्रह फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरील आपल्या १८५९ च्या पुस्तकात धरला. ‘रात्र बरी गेली का?’ हा प्रश्न त्यांना निरुपयोगी वाटे. किती तास झोप लागली आणि रात्री कोणत्या वेळी लागली, असे विचारावे, असे त्या सांगत. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची प्रशिक्षणशाळा सुरू झाली. त्याच दशकात इंग्रज डॉक्टर थॉमस क्लिफर्ड ऑलबट यांनी आखूड थर्मामीटर तयार केला आणि ताप, नाडी व श्वास यांची नियमित नोंद खाटेजवळ ठेवणे सोपे झाले.

मुंबईत जे. जे. रुग्णालय १८४५ मध्ये, कामा १८८६ मध्ये आणि परळचे केईएम १९२६ मध्ये उभे राहिले. निरीक्षण म्हणजे काय, याचा मोठा दाखला याच केईएमने दिला. तेथील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ पासून २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या अंगावर एकही बेडसोअर (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) झाला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात घेतली. पाठ, माकडहाड, टाचा रोज तपासणे, त्वचा लाल दिसताच कूस बदलणे आणि ते पुढच्या पाळीच्या सिस्टरला सांगणे, अशा कामाची ही परिणती असते. माझ्या मते निव्वळ सेवाभाव म्हणून या शुश्रूषेचा गौरव करताना त्यातले कौशल्य झाकले जाते.

रुग्णासोबत प्रत्यक्ष शुश्रूषाही निरीक्षणाचा विषय ठरावी, या विचाराला आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचे अभ्यासक अव्हेडिस डोनाबेडियन यांच्या १९६६ च्या मांडणीने बळ दिले. साधने, प्रत्यक्ष कृती आणि परिणाम हे तिन्ही तपासावेत, असे त्यांनी मांडले. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हातांच्या स्वच्छतेविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांतही वॉर्डात उभे राहून पाहण्यालाच महत्त्व आहे: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी आणि नंतर हात स्वच्छ झाले की नाही, हे निरीक्षक प्रत्येक प्रसंगी टिपतो. कोणी पाहत आहे हे कळले की वागणे सुधारते, ही या पद्धतीची जुनी अडचण आहे. म्हणून ही टिपणे शिक्षेसाठी वापरू नयेत. बेसिन खाटेपासून किती दूर आहे, एका सिस्टरकडे किती रुग्ण आहेत, हेही त्याच कागदावर यावे, कारण गर्दीच्या वॉर्डात पूर्ण मिनिटभर श्वास मोजण्याचे काम सर्वांत आधी सुटते.