अग्निशस्त्रे, पडद्यावरील : चित्रणातील विसंगती

चित्रपट व दूरचित्रवाणी मालिकांत बंदूक, पिस्तूल, रिव्हॉल्व्हर इ. शस्त्रांची रचना, कार्य, परिणाम किंवा काळ प्रत्यक्षाला सोडून दाखवला जाणे. सहा बारांच्या रिव्हॉल्व्हरमधून न थांबता गोळ्या सुटणे, सायलेन्सर लावताच आवाज नाहीसा होणे, गोळी लागलेला मनुष्य मागे उडून पडणे ही याची सर्वपरिचित उदाहरणे होत. अशा चुका दिग्दर्शकांच्या अज्ञानातून होतात, असे सामान्यतः लिहिले जाते. तथापि त्यांतील बऱ्याचशा चित्रीकरणाच्या तंत्रातून आणि उपलब्ध शस्त्रसाठ्यातून निपजल्या, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

गोळी लागताच माणूस मागे फेकला जाण्याच्या संकेताचा उगम बहुधा ‘शेन’ (१९५३) या अमेरिकी चित्रपटात शोधला जातो. त्यात एका पात्राला गोळी लागते त्या क्षणी नटाच्या अंगाला बांधलेल्या तारांना मागून हिसका देण्यात आला. त्याआधीच्या चित्रपटांत नट छातीवर हात ठेवून जागीच कोसळत. तारांचा असा वापर पूर्वी कुणी केलाच नव्हता, असे ठामपणे म्हणता येत नसले, तरी संकेत रूढ होण्यास हाच चित्रपट कारण झाला असावा. भौतिकीच्या दृष्टीने मात्र त्याला आधार नाही. ९ मिमी. पिस्तुलाची ८ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला ३६० मी. वेगाने जात असेल, तर ती ७० किग्रॅ. वजनाच्या माणसात रुतल्यावर त्याला मिळणारा वेग सेकंदाला जेमतेम ४ सेंमी. भरतो. बारा बोअरच्या बंदुकीतील ३२ ग्रॅम छर्रे सेकंदाला ४०० मी. वेगाने लागले, तरी तो १८ सेंमी.च्या आसपासच राहतो. शिवाय गोळीइतकाच संवेग (वस्तुमान व वेग यांचा गुणाकार) उलट दिशेने बंदूक चालवणाऱ्यालाही मिळतो. समोरचा भिंतीवर आदळत असेल, तर हाही उताणा पडायला हवा.

याच संकेताला पुढे स्क्विबची जोड मिळाली. स्क्विब म्हणजे कपड्याखाली, रक्तासारख्या द्रवाच्या पिशवीसह बसवलेली आणि विजेने पेटवली जाणारी लहान स्फोटक कुपी. तिच्या पहिल्या वापराविषयी मतभेद आहेत. अमेरिकी लेखक ‘रन ऑफ द ॲरो’ (१९५७) या चित्रपटाकडे बोट दाखवतात. त्याआधी आंद्रे वायदा यांच्या ‘पोकोलेनिये’ (१९५५) या पोलिश चित्रपटात रबरी पिशवीतील कृत्रिम रक्त स्फोटकाने फोडल्याचे सांगितले जाते आणि त्याचे श्रेय काझिमिएश कुट्स या साहाय्यकाकडे जाते. कालक्रम पाहता पोलिश दावा स्वीकारणे इष्ट. व्यापक प्रसार मात्र ‘बॉनी अँड क्लाइड’ (१९६७) व ‘द वाइल्ड बंच’ (१९६९) या चित्रपटांनंतरचा आहे. कुपी अंगाबाहेरच्या दिशेने फुटत असल्याने छातीतून रक्ताचा फवारा प्रेक्षकाकडे उडतो. वस्तुतः गोळी आत शिरते तेथील जखम पुष्कळदा लहान असते आणि कापडाआड ती दिसतही नाही. भिंतीवर वा पत्र्यावर गोळी आदळताच उडणाऱ्या ठिणग्याही अशाच दारूकामाच्या आहेत. शिसे व तांबे यांच्या साध्या गोळ्यांतून तशा ठिणग्या उडत नाहीत.

सायलेन्सरचे पेटंट हायरम पर्सी मॅक्सिम यांना १९०९ मध्ये मिळाले (मशीनगनचे जनक हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हे त्यांचे वडील). नळीतून बाहेर पडणारा तप्त वायू टप्प्याटप्प्याने पसरू देणे, एवढेच त्याचे काम. पिस्तुलाचा सुमारे १६० डेसिबलचा बार त्याने साधारणपणे २० ते ३५ डेसिबलने उतरतो. उरणारा आवाज शेजारच्या खोलीत झोपलेल्यालाही जागा करील. गोळीचा वेग ध्वनीपेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मी.पेक्षा, अधिक असेल, तर तिचा कडाका सायलेन्सरला आवरताच येत नाही. रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर जोडलेला दाखवणे ही आणखी ढोबळ चूक होय, कारण चक्री (काडतुसे बसवायचा फिरता भाग) व नळी यांमधील फटीतून वायू निसटतो. चाप ओढताना चक्री पुढे सरकून ती फट बुजवणारे रशियाचे सात बारांचे १८९५ चे नागान रिव्हॉल्व्हर हा प्रसिद्ध अपवाद आहे.

ध्वनिमुद्रणातील एक बारकावा येथे नोंदवणे आवश्यक आहे. पिस्तूल नुसते रोखले, तरी घोडा (काडतुसावर आघात करणारा मागचा भाग) चढवल्याचा खटका ऐकवला जातो. ग्लॉक या ऑस्ट्रियन बनावटीच्या पिस्तुलाला तर बाहेर घोडाच नसतो. पंप-बंदुकीचा दट्ट्या धमकावण्यासाठी पुन्हा पुन्हा मागे-पुढे केला, तर प्रत्येक वेळी न उडालेले काडतूस बाहेर पडून वाया जाईल. ग्लॉकच्या संदर्भात ‘डाय हार्ड २’ (१९९०) या चित्रपटाने विमानतळाच्या क्ष-किरणांना न दिसणाऱ्या पिस्तुलाची धास्ती निर्माण केली, असे म्हटले जाते. हे विधान तपासून घ्यायला हवे. तशा शस्त्रांवर बंदी घालणारा अमेरिकी कायदा १९८८ चाच आहे, म्हणजे धास्ती आधीची. प्रत्यक्षात या पिस्तुलाची नळी व वरचा सरकता भाग पोलादीच असतो.

कालविपर्यासाचे, म्हणजे काळाशी न जुळणारे शस्त्र दाखवण्याचे, मूळ शस्त्रसाठ्यात सापडते. अमेरिकी यादवी युद्धावरील (१८६१–६५) कथांत १८७३ चे कोल्ट रिव्हॉल्व्हर आणि १८९२ ची विंचेस्टर रायफल सर्रास दिसतात. चित्रीकरणासाठी बनवलेले ‘फाइव्ह-इन-वन’ हे एकच फोकळ (दारू असलेले, पण गोळी नसलेले) काडतूस अशा निरनिराळ्या बंदुकांत चालत असे, त्यामुळे भाड्याने शस्त्रे देणाऱ्यांना तीच सोयीची पडत. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ (१९६६) या चित्रपटाची कथा १८६२ च्या सुमारास घडते, पण नायकाचे रिव्हॉल्व्हर धातूच्या काडतुसांचे आहे. अशी काडतुसे मागून भरण्यासाठी लागणाऱ्या आरपार छिद्रांच्या चक्रीचे पेटंट १८६९ पर्यंत स्मिथ अँड वेसन कंपनीच्या ताब्यात असल्याने कोल्टला तसे शस्त्र तेव्हा विकता येत नव्हते.

फोकळ काडतूस निरुपद्रवी असते, हा समज पडद्यानेच पसरवला आणि तो जिवावर बेतला आहे. त्यात गोळी नसली, तरी दारू असते. १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम हा अभिनेता मालिकेच्या सेटवर असे रिव्हॉल्व्हर कानशिलाला लावून चाप ओढल्याने दगावला. १९९३ मध्ये अभिनेता ब्रँडन ली याच्या मृत्यूस नळीत अडकून राहिलेली गोळी व तिच्यामागून उडवलेले फोकळ काडतूस कारण ठरले. २०२१ मध्ये न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’ या चित्रपटाच्या सेटवर छायाचित्रणकार हलिना हचिन्स यांचा जीव गेला, तो खऱ्या काडतुसाने. त्यानंतर नळीच्या तोंडाशी दिसणारी ज्वाला संगणकावर रंगवण्याची पद्धत वाढली. तीत धक्का न बसणारे हात व बाहेर न पडणाऱ्या रिकाम्या पुंगळ्या ही नवी विसंगती शिरली आहे.

भारतीय विषयांत प्रश्न प्रामुख्याने ठासणीच्या बंदुकांचा आहे. शिवकालीन प्यादा तोड्याची बंदूक वापरी : दारू व गोळी नळीत घालून गजाने ठासायची, कान्यात (नळीच्या छिद्राशी असलेल्या खळगीत) रंजक (पेटवणीची बारीक दारू) भरायची, जळता तोडा (दोरीची वात) फुंकून निखारा जागा करायचा आणि मग चाप दाबायचा. जळता तोडा हातात नसलेला बंदुकधारी पडद्यावर दिसला, तर त्याचा बार उडणे शक्य नाही. आघाताने पेटणारी टोपी एकोणिसाव्या शतकातली. पानिपतच्या (१७६१) प्रसंगात ती येऊ नये. १८५७ च्या उठावातील एनफील्ड रायफलसुद्धा तोंडाकडूनच भरावी लागे. शिपायाला काडतुसाचा कागद दाताने फाडावा लागे तो त्यातली दारू नळीत ओतण्यासाठी. मिनिटाला तीनेक बार हा तिचा वेग धरला जातो. काळ्या दारूचा दाट पांढरा धूर एका फैरीनंतर समोरची फळी झाकून टाकत असे. पडद्यावर तो अभावानेच आढळतो. आधुनिक गुन्हेकथांत सामान्य नागरिकाच्या हाती परवान्याचे ९ मिमी. पिस्तूल दिसते, भारतात ते निषिद्ध बोअरमध्ये मोडते आणि नागरी परवान्यावर प्रामुख्याने .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर वा पिस्तूल मिळते. गावठी कट्टा बहुधा एकाच बाराचा असतो. दुसऱ्या बारासाठी तो उघडून पुंगळी काढावी लागते.