इरिडियम प्लगने पिकअप वाढतो?
इरिडियम धातूच्या टोकाचा स्पार्क प्लग टाकला की बाइकचा पिकअप, ॲव्हरेज वाढतं, हे वर्षानुवर्षं ऐकतोय. तसं नसतं ओ. ताकद पेट्रोलची, प्लग फक्त ठिणगी टाकतो. जुना प्लग झिजलेला असेल तर फरक जाणवतो खरा, पण तो नव्या साध्या निकेलवाल्यानेही जाणवला असता ना! इरिडियम २४०० डिग्रीच्या वर वितळतं म्हणून टोक बारीक ठेवता येतं आणि लवकर झिजत नाही, पैसे त्याचे.
बघायची ती हीट रेंज, म्हणजे प्लग आपली उष्णता किती लवकर बाहेर सोडतो ते (लवकर सोडणारा थंड, हळू सोडणारा गरम), आणि त्यात गंमत अशी की एनजीके कंपनीच्या प्लगवरचा आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉशचा मोठा म्हणजे गरम, त्यामुळे अंदाजाने घेऊ नका, मॅन्युअल बघा. बसवताना इंजिन गार हवं, आधी हातानेच फिरवायचा, टेकला की वॉशरवाला नवा प्लग पान्याने साधारण अर्धा फेरा, बास. उगाच जोर लावला तर इंजिनच्या हेडचे आटे जातात.