कुलाबा की जंजिरा : एक तिथी बघून, एक वारा बघून

मुंबईहून एका दिवसात पाण्यातला किल्ला बघून यायचं म्हटलं की कुलाबा आणि जंजिरा ही दोन नावं पुढे येतात, आणि बहुतेकांच्या डोक्यात त्यांची सरमिसळ झालेली असते. दोष नावांचाच आहे. हा कुलाबा मुंबईतला नव्हे. किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर आहे, आणि १९८१ मध्ये रायगड हे नाव मिळेपर्यंत अख्खा जिल्हाच कुलाबा म्हणून ओळखला जाई. जंजिरा तर मुळात विशेषनामच नाही. अरबी ‘जझीरा’ म्हणजे बेट. त्यावरून पाण्यातल्या कुठल्याही किल्ल्याला जंजिरा म्हणत, म्हणून जुन्या लिखाणात ‘जंजिरे कुलाबा’ही भेटतो. आज नुसतं जंजिरा म्हटलं की मुरूडजवळचा, राजपुरीच्या खाडीच्या तोंडावरचा सिद्दींचा किल्ला समजायचा.

बघणाऱ्याच्या दृष्टीनं खरा फरक वेगळाच आहे. कुलाब्याला ओहोटीत चालत जाता येतं, जंजिऱ्याला होडीशिवाय इलाज नाही. त्यामुळे पहिल्यासाठी पंचांग बघायचं, दुसऱ्यासाठी वारा आणि घड्याळ.

आधी कुलाबा, कारण चुका तिथेच जास्त होतात. कोकणातला जुना हिशेब असा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, त्यात सहा मिळवले की ओहोटीची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनला पूर्ण भरती, सकाळी आणि रात्री नऊला पूर्ण ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी त्या तारखेचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहावंच. पण सुट्टी कुठल्या शनिवारी घ्यायची हे ठरवायला कालनिर्णय आणि ही पाऊणकी पुरते.

आता इथे एक मेख आहे. अष्टमीला ओहोटी बरोबर दुपारी बाराला येते, म्हणजे मुंबईकराला वाटतं, हाच दिवस सोयीचा. पण अष्टमी म्हणजे भांग. भांगाला भरती कमी चढते आणि ओहोटीही कमी ओसरते, त्यामुळे ऐन ओहोटीतही वाटेवर पाणी राहू शकतं. उलट पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी खूप मागे जातं, पण ते पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास. दोन्ही जमवायचं तर मधल्या तिथी धराव्यात : तृतीया ते पंचमी, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वाआठ ते पावणेदहा, किंवा एकादशी ते त्रयोदशी, म्हणजे दुपारी सव्वादोन ते पावणेचार. गेटवेहून सकाळच्या पहिल्या लाँचनं निघालात तर पंचमी नीट जमते. तृतीयेला मात्र अलिबागला मुक्काम हवा, कारण तासभर लाँच आणि मांडव्याहून पाऊण तास बस धरली की पोचेपर्यंत पाणी फिरायला लागलेलं असतं.

पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी किनाऱ्यावरून निघावं आणि पाणी फिरल्यावर तासाभराच्या आत परत वाळूवर असावं. पाणी एकसारख्या वेगानं चढत नाही. ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात ते जेमतेम हलतं, त्यामुळे माणसं निर्धास्त होतात. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून मात्र सगळ्या भरतीचं जवळपास निम्मं पाणी येतं. अडकतात ते यामुळे. पायात पट्ट्याची, भिजली तरी चालेल अशी चप्पल असावी; खडकावर शेवाळ असतं आणि कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. चालायचं नसेल तर घोडागाडी आहे, मात्र परतीचा भाव आणि वेळ आधीच ठरवून घ्यावी.

किल्ल्याचं बांधकाम शिवाजी महाराजांनी आयुष्याच्या अखेरीस सुरू करवलं आणि ते संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. पुढे हा कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा तळ. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले आणि हात हलवत परत गेले. आत शिरण्याआधी तटाकडे अगदी जवळून बघा. प्रचंड चिरे नुसते एकावर एक रचलेत, सांध्यांत चुना नाही. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरतं, तिथेच तिचा जोर मोडतो आणि ती निथळून जाते. आत गोड्या पाण्याची सोय आहे, आणि राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणेश पंचायतन. माघी गणेशोत्सवाला इथे गर्दी लोटते. माघ शुद्ध चतुर्थीची ओहोटी नऊची, हे वर आलंच आहे. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन इंग्रजी तोफा आहेत. त्यांच्यासोबत फोटो काढताना त्या आंग्र्यांच्या काळातल्या नाहीत, १८४९ सालच्या आहेत, एवढं लक्षात असू द्यावं. शेजारचा छोटा कोट तो सर्जेकोट. सगळं बघायला दीड तास पुरतो.

जंजिऱ्याची गोष्ट निराळी. अलिबागहून रेवदंडा, कोर्लई, काशीद करत मुरूड सुमारे ५० किलोमीटर, वळणांचा रस्ता असल्यानं दोन तास धरावेत. मुरूडपासून पुढे राजपुरी. होड्या मुख्यतः तिथूनच सुटतात, शिडाच्याही. वारा पडला तर नावाडी वल्ही काढतात आणि वेळ लांबतो. दिघी किंवा आगरदांड्याहूनही होडी मिळते, पण श्रीवर्धनकडून येत असाल तरच ते सोयीचं.

होडी दरवाजाशी लागते तेव्हा लाटेबरोबर वरखाली होत असते आणि समोरच्या पायऱ्या बुळबुळीत. नावाडी हात देईपर्यंत उठू नये, आणि हात देताना मोबाईल खिशात असावा. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. दोन बुरुजांच्या बेचक्यात तो मुद्दाम दडवलाय. आत शिरताना पंजांत हत्ती पकडलेला शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक पशू, भिंतीवर कोरलेला आहे. तो आधी बघून घ्यावा, परतताना धक्काबुक्कीत राहून जातो.

इथे अडचण भरतीची नाही, वेळेची. होडीवाले साधारण पाऊण तास देतात आणि किल्ला आहे २२ एकरांचा, १९ बुरुजांचा. सगळं बघायचा हट्ट धरला तर काहीच धड बघून होत नाही. कलालबांगडी तोफ, गोड्या पाण्याचा मोठा तलाव, सुरूलखानाच्या वाड्याचे पडके मजले आणि समुद्राकडचा दर्या दरवाजा, एवढं धरावं. बालेकिल्ल्याची चढण राहिली तरी चालेल. वाटाड्यांच्या तोंडून तोफेचा पल्ला ऐकताना पाचांनी भागायला हरकत नाही.

मूळ इथे कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. आजचा दगडी किल्ला सोळाव्या शतकातला. मराठ्यांनी तो घ्यायचे अनेक प्रयत्न केले. संभाजी महाराजांनी तर १६८२ मध्ये खाडीत भराव टाकून वाट काढायला घेतली होती. किल्ला पडला नाही. जंजिरा संस्थान भारतात विलीन झालं ते थेट १९४८ मध्ये.

तटावरून वायव्येला समुद्रात आणखी एक किल्ला दिसतो. ‘तो कुलाबा का?’ असं हटकून कुणीतरी विचारतं. तो पद्मदुर्ग, जंजिऱ्यावर वचक ठेवायला शिवाजी महाराजांनी बांधून घेतलेला. तिथे चिरे खाऱ्या वाऱ्यानं झिजलेत आणि सांध्यांतला चुना मात्र जाळीसारखा उभा आहे, कुलाब्याच्या बिनचुन्याच्या तटाच्या अगदी उलट. राजपुरीच्या फेरीत तो येत नाही; मुरूडहून वेगळी होडी ठरवावी लागते.

दोन्ही किल्ले एका दिवसात? पंचमीच्या सकाळी कुलाबा करून साडेअकराला निघालात तर राजपुरीला दोनपर्यंत पोचाल, पण परतीची शेवटची लाँच बहुधा चुकेल आणि रात्री पेणमार्गे रस्त्यानं यावं लागेल. त्यापेक्षा मुरूडला राहावं. गाडी न्यायचीच असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बरी. जून ते ऑगस्ट यातलं काहीच धरू नका : गेटवेच्या लाँच बंद, जंजिऱ्याच्या होड्या बंद, आणि कुलाब्याच्या वाटेवर पाऊणकीचा हिशेब चालत नाही, कारण पावसाळी वारा पाणी ढकलत आत आणतो.